मेझिहिर्याचा महाल

सत्ताधीश पळाला म्हणजे त्याच्या महालाची गती बहुधा दोन प्रकारची होते: एक तर तो लुटला जातो, नाहीतर नवा सत्ताधीश त्यात राहावयास येतो. युक्रेनमधील मेझिहिर्याच्या महालाला २०१४ मध्ये तिसरीच गती लाभली.

राजधानी कीव्हच्या उत्तरेस, नीपर नदीवरील जलाशयाकाठी टेकड्यांच्या कुशीत हे स्थान आहे. येथे कोसॅक योद्ध्यांना पूज्य असलेला एक प्राचीन मठ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बंद झाला आणि तेथे मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला. सोव्हिएत राजवटीने मठाच्या इमारती पाडल्या. त्या जागी पक्षश्रेष्ठींची निवासस्थाने झाली. विक्टर यानुकोविच २००२ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा ते या सरकारी जागेत राहावयास आले. २००७ मध्ये ती खाजगी कंपन्यांच्या नावे झाली. सुमारे १४० हेक्टरांच्या त्या आवारात काय चालते, हे सामान्य नागरिकास उंच कुंपणाबाहेरून दिसत नसे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या जनआंदोलनात अखेरच्या दिवसांत गोळीबार होऊन पुष्कळ माणसे प्राणास मुकली. २१ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यानुकोविच निघून गेले आणि दुसऱ्याच दिवशी जनता महालात शिरली. भव्य लाकडी प्रासाद, गोल्फचे मैदान, जुन्या मोटारींचा संग्रह, शहामृगांसह प्राणिसंग्रह आणि जहाजाच्या आकाराचे भोजनगृह लोकांनी डोळे विस्फारून पाहिले. तथापि लूट झाली नाही. आंदोलकांनीच पहारा बसविला आणि संसदेने ती मालमत्ता राज्याकडे परत घेण्याचा ठराव केला. पुढे तिकीट काढून हजारो लोक तेथे येऊ लागले.

परंतु तेथील खरा ठेवा सोन्यासंगमरवराचा नव्हता. पळण्यापूर्वी कागदपत्रांची सुमारे दोनशे बाडे पाण्यात फेकण्यात आली होती. पाणबुड्यांनी ती वर काढली. पत्रकारांनी व स्वयंसेवकांनी एकेक पान सुकवून त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. त्यांत बांधकामाची बिले होती, पावत्या होत्या, पत्रकारांवर ठेवलेल्या पाळतीच्या नोंदीही होत्या.

वैभव पाहून माणसे दिपतात किंवा संतापतात. दोन्ही भावना लवकरच ओसरतात. पैसा कोठून आला आणि कोणाच्या हातून गेला, हे मात्र पावतीच सांगते. जमावाने त्या दिवशी महाल पेटविला असता, तर राग शमला असता. पण हिशेब मागावयास पुरावा उरला नसता. जनतेने राखलेली ती ओली पाने म्हणूनच शहामृगांहून अधिक पाहण्याजोगी होत.