ईशान्येला पाठवलं, गेला उत्तरेला

आज जरा जुन्या खेळांबद्दल. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. आपण कुठे उभे आहोत त्याचं वर्णन यायचं, आपण दोन शब्दांत हुकूम टंकायचा, की पुढचं वर्णन.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'अ‍ॅडव्हेंचर'. विल क्राउदर हा अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीत प्रोग्रॅमर. इंटरनेटची आजी म्हणावी त्या आर्पानेटवर काम करायचा आणि फावल्या वेळात केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेत शिरून नकाशे काढायचा. बायको पॅट्रिशियाही तशीच. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ मध्ये ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात ती होती. पुढे दोघं वेगळे झाले. मग मुलींसाठी काहीतरी करावं म्हणून क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० यंत्रावर, फोरट्रान भाषेत, ती गुहाच लिहून काढली. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो खेळ वाढवला आणि तो जगभर गेला.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. हा खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघायचा. त्यामुळे इंग्रजीत 'नॉर्थईस्ट' टंकलं तरी त्याला 'नॉर्थ'च दिसायचं, आणि ईशान्येला निघालेला गडी उत्तरेला! ईशान्येसाठी 'एनई' एवढंच टंका, असं सूचनांमध्येच सांगितलेलं असे. पाचच का? तर पीडीपी-१० च्या स्मृतीतला एक कप्पा ३६ बिटांचा, आणि एका अक्षराला लागायचे ७ बिट. पाच साते पस्तीस. सहावं अक्षर मावतच नाही. (पाढे कामी येतात ते असे.)

हे सगळं आठवलं ते भाच्यामुळे. वय वर्षं तेरा. पायथनमध्ये असाच खेळ लिहितोय: राजगडावर अंधारात वाट चुकलेला मावळा. १ टंकलं तर चोर दरवाजा, २ टंकलं तर बालेकिल्ला. पण काहीही टंका, उत्तर एकच, "चुकीचा पर्याय". दोन दिवस डोकं आपटून झाल्यावर "मामा, हे माझ्या डोक्यातलं काम नाही" असा निकाल. ताईचंही म्हणणं, नको त्याला भरीला घालूस. (ताई, तू हे वाचणार हे माहीत असूनही लिहितोय.)

त्याने प्रोग्रॅम एका जुन्या पुस्तकातून अक्षरन् अक्षर उतरवला होता. पुस्तक पायथन २ च्या काळातलं. त्यात 'प्रिंट'ला कंस नव्हते. ते नवा पायथन स्वतःच ओरडून सांगतो, म्हणून ते त्याने दुरुस्त केले होते. 'इनपुट'बद्दल मात्र कोणी ओरडत नाही. पायथन २ मध्ये 'इनपुट' आपण टंकलेलं सोडवून बघायचा, म्हणून १ टंकलं की १ हा आकडा मिळायचा. पण टंकणाऱ्याने १ च्या जागी भलतंच काही दिलं तर तेही तो इमानेइतबारे चालवायचा, हा धोका. म्हणून डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ती सोय काढून टाकली. आता 'इनपुट' जे देतो ते नुसतं अक्षर. अक्षर '१' आणि आकडा १ पायथनच्या लेखी समान नाहीत, आणि तुलना केली तर तो तक्रारही करत नाही, गुपचूप 'नाही' म्हणतो. पायथन २ ची देखभाल २०२० मध्ये थांबली, पुस्तकं मात्र कपाटात आहेतच.

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, पायथनला काय मिळालंय ते 'रेपर'मधून छापून बघ. छापलं. १ च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं!

"म्हणजे पुस्तक चुकलंय?"

"छापलं तेव्हा बरोबर होतं."

मग त्याने 'इंट' लावून अक्षराचा आकडा केला, आणि मावळा चोर दरवाज्यातून सुटला. घरात आरडाओरडा. तेवढ्यात धाकटीने येऊन आकड्याच्या जागी 'पळ' टंकलं आणि अख्खा खेळ लाल अक्षरांत कोसळला. सध्या तो त्याच्या मागे लागलाय. जेवायला दोनदा हाका मारून झाल्यात म्हणे.