लादीवरचा सूर्यास्त

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर ८१ मध्ये, ‘नॉलेज सिटी’ या नावाचा एक नवा परिसर उभा आहे. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, कृषि-अन्न जैवतंत्रज्ञान संस्था अशी केंद्र सरकारची विद्यामंदिरे तेथे शेजारी शेजारी नांदत आहेत. बदलीचा हुकूम माणसाला कोठे नेऊन टाकील याचा नेम नसतो. आम्हांस त्याने या परिसराच्या आसपास आणून टाकले. येथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र हजार किलोमीटरांच्या आत भेटत नाही. असे असूनही आमच्या भाड्याच्या घरात समुद्र आहे. जेवणघराच्या भिंतीवर चिनी मातीच्या बारा लाद्या जोडून केलेले ते एक चित्र होय: दोन वाकलेले माड, वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी, आणि क्षितिजाला टेकलेला सूर्य.

घरमालक पंजाबी सद्गृहस्थ आहेत. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, तोही मुंबईस एका विवाहाला गेले असता. दुकानात गहू, सरसों आणि हिमशिखरे यांची चित्रे असताना त्यांनी हेच निवडले. आम्ही कोकणातले. प्रथम ते चित्र पाहून आम्हांस हसू आले. माड कोकणातले नव्हते, होडी कोणत्याच देशातली नव्हती, आणि सूर्य तर तांबडा नसून चक्क तपकिरी होता. जळक्या भाकरीसारखा! कारागिराला रंग साधला नाही असे म्हणून आम्ही विषय सोडून दिला. पुढे थोडे वाचन घडले तेव्हा ध्यानात आले की या तपकिरी सूर्यामागे भट्टीचा काही शतकांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलुखाला दोन ठिकाणी स्पर्श करून गेला आहे. तो येथे मांडण्याचा विचार आहे.

झिलईदार लाद्यांनी भिंती मढविण्याची कला आपल्याकडे इराणातून आली. काशान हे त्या कारागिरीचे प्रसिद्ध ठाणे. त्याच्याच नावावरून तिला ‘काशी’ असा शब्द रूढ झाला. आमच्या वाराणसीशी त्याचा संबंध नाही. मराठी भाषेच्या सीमेवर, बीदर येथे, या कलेचा एक उत्तम अवशेष आजही उभा आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ च्या सुमारास तेथे मदरसा बांधला आणि त्याची दर्शनी बाजू रंगीत लाद्यांनी मढविली. गावान मूळचा कास्पियन समुद्राच्या काठच्या गीलान प्रांतातला. समुद्र आणि व्यापार यांचे मोल तो जाणत होता; म्हणूनच त्याने कोकणपट्टीवर मोहीम काढून १४७२ मध्ये गोवा बहमनींच्या ताब्यात आणला. १४८१ मध्ये त्याच्याच धन्याने त्याचा शिरच्छेद करविला. पुढे १६९६ मध्ये मदरशात स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या एका मनोऱ्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या आणि पांढऱ्या लाद्यांची नक्षी अद्याप ओळखू येते. तीत तांबडा शोधू गेल्यास तो सापडत नाही.

पंजाबातही हाच अनुभव येतो. लाहोरच्या किल्ल्याची चित्रभिंत जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळातली. तिच्यावर हत्तींच्या झुंजी आहेत, घोडेस्वार आहेत, पऱ्या आहेत. चंदीगडहून सरहिंद दूर नाही; तेथील आम-खास बागेतही मोगल काळातील लाद्यांचे काम होते. जालंदर जिल्ह्यात नकोदरच्या जुन्या मकबऱ्यांवर ते आढळते, आणि तेथून जवळच शाहजहानच्या काळातील एका सराईवरही. या सराईचे नाव ‘दखणी सराय’. ते नाव प्रथम ऐकताच परमुलुखात कोणी आपले मागून हाक मारावी तसे आम्हांस झाले. या सर्व कामांत निळा, फिरोजी, हिरवा, पिवळा हे रंग भरघोस आहेत. पिवळा कोठे कोठे नारिंगीकडे झुकतो. पण पेटत्या निखाऱ्याचा तांबडा पाहावा तर नाही.

याचे कारण कलेत नसून रसायनात आहे. झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर. तो भट्टीत वितळून लादीवर बसतो. त्यात जो रंग मिसळावयाचा तो ती आच सोसणारा पाहिजे. कोबाल्ट हे या बाबतीत फार इमानी द्रव्य होय. कितीही तापवा, निळेच राहते. तांब्यापासून हिरवा आणि फिरोजी, अँटिमनी किंवा कथील यांची शिशाशी गाठ घालून पिवळा, मँगनीजपासून जांभळट तपकिरी, असा हा कुटुंबविस्तार आहे. तांबड्यासाठी गेरू, म्हणजे लोखंड, हाताशी असते. पण ते बेभरवशाचे. आमच्या घरांवरील मंगलोरी कौल तांबडे दिसते, कारण त्यावर झिलई नसते. तीच लोहयुक्त माती झिलईत विरघळली की मधासारखी पिवळी किंवा तपकिरी होते. तांब्यापासून तांबडा निघतो खरा, पण त्यासाठी भट्टीतला वारा तोडून धूर कोंडावा लागतो आणि जरा चूक झाली की माल वाया. तुर्कांच्या इझनिक गावच्या कारागिरांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास लोहयुक्त मातीचा जाड थर झिलईखाली देऊन तांबडा साधला. इस्तंबूलच्या १५५७ साली पूर्ण झालेल्या सुलेमानिया मशिदीत तो दिसतो. त्या रंगाने फुलाची पाकळी उठून दिसे. परंतु त्यात छटा नव्हत्या. तांबड्यातून गुलाबी, गुलाबीतून सोनेरी, असे सांजेचे आकाश त्या जाड थरातून उतरणे शक्य नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही मर्यादा लाद्यांच्या कामात सर्वत्र दिसते.

आता दुसऱ्या वाटेने येऊ. मुसलमानी स्पेनमधून ही कला पोर्तुगालात गेली. घोटीव दगड अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून तेथे लादीला ‘अझुलेजू’ हे नाव पडले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी भांडी आणि डच लाद्या यांच्या प्रभावाने पोर्तुगीजांना निळ्या-पांढऱ्याचा छंद जडला. कथिलाच्या झिलईने पांढरी केलेली लादी आणि तिच्यावर कोबाल्टची कुंचल्याने काढलेली रेघ, एवढ्या साधनावर त्यांनी भिंतीच्या भिंती चितारल्या. १७०० च्या सुमाराचे लिस्बन शहराचे एक लांबलचक लादीचित्र तेथील संग्रहालयात आहे. सुमारे २३ मीटर लांबीच्या त्या पटात टॅगस नदीचा सारा काठ, वाडे, मठ, धक्के आणि गलबते यांसह आला आहे. १७५५ च्या भूकंपाने ते शहर जमीनदोस्त झाले. जुन्या लिस्बनचा चेहरा पुढच्या पिढ्यांना सांगण्यास या लाद्या उरल्या. किनाऱ्याचे चित्र लादीवर जपण्याची याहून मोठी कामगिरी आमच्या माहितीत नाही. मात्र त्या किनाऱ्यावर सकाळ आहे की संध्याकाळ, हे कोणीही सांगू शकत नाही. सारेच निळे!

ही निळाई आपल्या किनाऱ्यालाही लागली. पणजीस मांडवीपासून हाकेच्या अंतरावर मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. तिच्या प्रवेशदालनात शिरताच भिंतींवर लादीचित्रे दिसतात. जॉर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकाराने ती १९३५ मध्ये केली. याच कोलासूने पोर्तो शहरातील सां बेंतू रेल्वे स्थानकाचे दालन सुमारे वीस हजार लाद्यांनी सजविले होते. पणजीच्या चित्रांचा विषय कामोंइश या कवीच्या १५७२ साली छापलेल्या महाकाव्यातला, म्हणजे वास्को द गामाच्या हिंदुस्थानप्रवासाचा. कवी स्वतः १५५३ मध्ये गोव्यास आला होता.

या चित्रांसमोर उभे राहिल्यावर एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. तो समुद्र आपलाच आहे. पण तो गलबतावरून पाहिलेला आहे. किनारा म्हणजे तेथे गाठावयाचे ठिकाण, जिंकावयाची वस्तू. त्या किनाऱ्यावर राहणारा, संध्याकाळी वाळूत बसून पश्चिमेकडे पाहणारा माणूस त्या काव्याचा नायक नव्हे, आणि साहजिकच चित्रांचाही नव्हे. इतिहासाने मात्र या इमारतीवर एक मार्मिक टीप लिहून ठेवली आहे. १८७१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आरंभी वास्को द गामाचे नाव मिरवीत होती. गोवामुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिला लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव देण्यात आले. हे निर्भीड पत्रकार. गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव १९३० मध्ये तेथील सरकारी मंडळात त्यांनी मांडला होता. आज दारावर त्यांचे नाव आणि आत गामाची गलबते आहेत. कोणी लाद्या फोडल्या नाहीत, हे गोमंतकीयांच्या सभ्यतेस शोभेसेच झाले.

मुंबईसही या कलेचा प्रयोग झाला. जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या काळात तेथे मृत्पात्रांचे काम सुरू केले. सिंधच्या झिलईकामाची परंपरा आणि अजिंठ्याची चित्रे यांचा मेळ घालण्याचा तो यत्न होता. पण तेव्हाच्या मुंबईच्या मोठ्या इमारतींना लाद्या हव्या असत त्या विलायती. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. त्याची जमीन इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या लाद्यांची आहे. देशी हातांचा प्रयोग देशी भिंतींवर फारसा चढलाच नाही.

तांबड्याचा प्रश्न युरोपात हळूहळू सुटत गेला. अठराव्या शतकात पक्क्या झिलईवर रंग लावून मंद आचेत पुन्हा भाजण्याची युक्ती वाढली. तिने गुलाबी आणि तांबडा मिळाले, पण एकेक भाजणी वाढली की खर्चही वाढे. विसाव्या शतकात कॅडमियम आणि सेलेनियम यांचा झगझगीत तांबडा आला. तो फार आच लागली की उडून जाई. पुढे त्याचे कण झिरकॉन नावाच्या खनिजाच्या स्फटिकात कोंडून त्याला संरक्षण देण्यात आले. २००० च्या सुमारास स्पेनमध्ये लाद्यांवर शाईच्या फवाऱ्याने छपाई करणारी यंत्रे निघाली आणि पुढच्या दशकात ती गुजरातेत मोरबीला पोहोचली. आपल्या देशातील चिनी मातीच्या लाद्यांपैकी बहुतांश तेथेच बनतात. आता कोणतेही छायाचित्र यंत्राला द्यावे आणि घटकाभरात भट्टीतून भिंत काढून घ्यावी. राजवाडे आणि मकबरे यांची ही मिरास अशा रीतीने साध्या जेवणघरात आली.

तरीही शुद्ध तांबडा महागच राहिला. नेहमीच्या स्वस्त छपाईत लोखंडाचेच तपकिरी, पिवळे आणि गुलाबी मिश्रण वापरून काम भागवितात. आमच्या भिंतीवरचा सूर्य जळक्या भाकरीसारखा का, याचे उत्तर येथे मिळाले. तो चितारणाऱ्याचा दोष नव्हे. बीदरच्या कारागिराला जी अडचण होती तीच थोडी कमी होऊन मोरबीच्या यंत्रापर्यंत पोहोचली आहे.

चंदीगडात राहून लाद्यांविषयी लिहावे आणि नेकचंद यांचे नाव घेऊ नये, हे योग्य होणार नाही. १९२४ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातील एका खेड्यात ते जन्मले. फाळणीने गाव सुटले. चंदीगड उभे राहत असताना ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक झाले. म्हणजे तुम्हां-आम्हांसारखेच हजेरीपटावरचे नोकर. नव्या शहरासाठी अनेक खेडी उठविली गेली. त्यांचे भंगार, फुटक्या लाद्या, कपबश्या, बांगड्या वेचून सुखना तलावाजवळच्या राखीव रानात त्यांनी १९५७ च्या सुमारास, कचेरीतून सुटल्यावर, गुपचूप एक सृष्टी रचावयास आरंभ केला. हे काम सरकारी जमिनीवरील अतिक्रमणच होते. सुमारे अठरा वर्षे त्याचा पत्ता कोणाला लागला नाही. लागला तेव्हा अधिकाऱ्यांनी सुबुद्धी दाखविली, आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ लोकांस खुले झाले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते वारले. ज्याचे गाव गेले, त्याने दुसऱ्यांच्या मोडलेल्या घरांच्या तुकड्यांतून आपले गाव पुन्हा बसविले, असे त्या बागेत हिंडताना आम्हांस वाटत आले आहे.

नेकचंदांनी लाद्यांत गाव शोधले, पोर्तुगीजांनी आपल्या पराक्रमाची गलबते पाहिली, आणि आमच्या घरमालकांनी एकदाच पाहिलेला समुद्र भिंतीवर आणून ठेवला. त्यांना एकदा आम्ही विचारले की हेच चित्र का घेतले. ते म्हणाले, “त्या दिवशी चौपाटीवर सगळेच लोक एकाच दिशेला तोंड करून बसले होते. असे मी दुसरीकडे कोठे पाहिले नाही.” जन्मभर त्या दिशेला तोंड करून बसलेल्या आम्हांस ही गोष्ट कधी सुचली नव्हती.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. लादीचा तळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून झिलईत पूर्वी कथील घालीत. आता बहुधा झिरकॉनची पूड घालतात. हे झिरकॉन मुख्यतः समुद्रकाठच्या वाळूतून मिळते. आपल्या देशात केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ते काढले जाते. तेव्हा समुद्रापासून हजार किलोमीटरांवर असलेल्या या भिंतीवरचे माड खोटे असतील, होडी खोटी असेल. पण त्या चित्राच्या झिलईत कोठल्या तरी खऱ्या किनाऱ्याची वाळू असण्याचा संभव पुष्कळ आहे.

ती भिंत घराच्या पूर्वेकडची आहे. हिवाळ्यात कचेरीतून लवकर परतणे झाले, तर समोरच्या खिडकीतून, पंजाबच्या शेतांपलीकडे मावळणाऱ्या सूर्याचा तिरपा उजेड थोडा वेळ तिच्यावर पडलेला सापडतो. तेवढा वेळ लादीवरचा तपकिरी सूर्य तांबडा दिसतो. मग आम्ही दिवा लावतो.