पातेल्यांचें गांव आणि त्याचा खेळ

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लानेल्ली नांवाचें शहर आहे. तेथील रग्बी क्लबाच्या जुन्या मैदानावर गोलाच्या खांबांच्या टोकांवर दांड्याचीं पातेलीं बसविलेलीं असत. क्रीडांगणावर स्वयंपाकघरांतील भांड्यांचें काय काम, असा प्रश्न परक्या पाहुण्यास सहज पडावा. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे केवळ एका क्लबाचा नव्हे, तर एका कष्टकरी समाजाचा इतिहास हातीं लागतो.

आपल्याकडे कल्हईवाला भांड्यांस जें करतो, तेंच लानेल्लीचे कारखाने मोठ्या प्रमाणावर करीत. पोलादाच्या पत्र्यास वितळलेल्या कथलाचा मुलामा देण्याचा हा धंदा एकोणिसाव्या शतकांत तेथें इतका भरभराटला कीं, लोक त्या शहरास कथलाची नगरी म्हणूं लागले. पुढें १८९० मध्यें अमेरिकेनें परदेशी पत्र्यावर जबर जकात बसविली आणि साऱ्या धंद्यालाच जबर धक्का बसला. अशा चढउतारांच्या दिवसांत हा क्लब वाढला. १८७२ हें त्याचें जन्मवर्ष मानतात; १८७९ पासून स्ट्रॅडी पार्क हें त्याचें घर झालें. इंग्लंडांतील श्रीमंतांच्या विद्यालयांत जन्मलेला हा खेळ वेल्समध्यें भट्टीपुढें घाम गाळणाऱ्या मजुरांनीं आपलासा केला. ‘सॉस्बन वाख’, म्हणजे ‘लहानसें पातेलें’, हें वेल्श भाषेंतील घरगुती गमतीचें गाणें त्यांचें युद्धगीत बनलें, आणि पातेलीं खांबांवर चढलीं तीं त्यामुळेंच. १९०८ मध्यें याच गांवानें ऑस्ट्रेलियाच्या संघास ८-३ असें हरविलें.

परंतु या कौतुकास एक कडू बाजू होती. रग्बी युनियनचा नियम असा कीं, खेळाडूनें खेळाबद्दल कवडीहि घेतां कामा नये. ज्याच्या घरीं पोटाची विवंचना नाहीं, त्यास हा नियम सोपा. मजुराच्या मुलास तो जाचक. इंग्लंडच्या उत्तर भागांत रग्बी लीग हा रोख पैसे देणारा खेळ होता. पण तिकडे गेलेल्या खेळाडूस युनियनचे दरवाजे बंद होत. १९५२ मध्यें लानेल्लीचा लुईस जोन्स सहा हजार पौंड घेऊन लीड्स येथें गेला. त्यास लोभी म्हणणें सोपें आहे. पण त्यास तसें म्हणणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं अशी रक्कम नाकारली असती?

क्लबाच्या इतिहासांतील सर्वांत मोठा दिवस ३१ ऑक्टोबर १९७२ हा होय. शतसांवत्सरिक हंगाम चालू होता आणि समोर न्यूझीलंडचा जगज्जेता म्हणावा असा संघ. लानेल्लीचे शिक्षक कार्विन जेम्स हे कोळशाच्या खाणींतील मजुराचे पुत्र, वेल्श भाषेचे अध्यापक. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं १९७१ मध्यें ब्रिटिश लायन्स संघानें न्यूझीलंडमध्यें मालिका जिंकली होती. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला न झाला तोंच फिल बेनेटनें मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आदळून परतला. प्रतिपक्षाच्या खेळाडूनें तो दूर टोलविण्याचा यत्न केला, पण रॉय बर्जियर्सनें तो अडविला व त्यावर झेंप घेऊन गुण मिळविले. अँडी हिलनें लांबून मारलेल्या पेनल्टीनें शेवट पक्का केला. निकाल ९-३. कर्णधार डेल्म टॉमस यास लोकांनीं खांद्यावर घेतलें, आणि त्या रात्रीं गांवांतील दारूचीं पिंपें रिकामीं पडलीं, अशी आख्यायिका आहे.

या विजयाचा शिल्पकार मात्र वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा शिक्षक कधींच झाला नाहीं. संघनिवडींत आपला शब्द अखेरचा असावा, अशी त्यांची मागणी होती. ती अधिकाऱ्यांस मानवेना. १९८३ मध्यें ते निधन पावले. ज्या देशानें त्यांची बुद्धि ओळखली, त्यानेंच ती वापरूं नये, यास काय म्हणावें?

१९९५ मध्यें रग्बी युनियन खुलेआम व्यावसायिक झाली, व लुईस जोन्सवर ज्याबद्दल ठपका येई तेंच आतां रूढ झालें. २००३ मध्यें प्रादेशिक संघ आले. लानेल्लीचा वरच्या दर्जाचा खेळ स्कार्लेट्स या नांवाखालीं गेला आणि जुना क्लब खालच्या पायरीवर राहिला. २००८ मध्यें स्ट्रॅडी पार्क सोडून नवें मैदान झालें. जुन्या पत्र्याच्या गिरण्या तर आधींच मावळल्या होत्या. १९५० नंतरच्या काळांत उभारलेला ट्रॉस्ट्रे येथील पत्र्याचा कारखाना २००७ पासून टाटांच्या हातीं आहे.

मैदान गेलें, गिरण्या गेल्या, पैशाचा जुना विटाळहि गेला. उरलें तें गाणें. गरीब गांवानें जगांतील बलाढ्यांस एक दिवस नमविलें, एवढी आठवण पुढच्या पिढीस सांगण्यास पुरेशी आहे काय, हा प्रश्न केवळ वेल्सचा नाहीं. परंतु ज्यांच्यापाशीं अशी एकहि आठवण नाहीं, त्यांनीं तो विचारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.