बिगड़ा तो बनाएगा कौन? माळ्यावरच्या पेटीची आणि भिवंडीच्या मागाची गोष्ट

लोकलमध्ये नेट जातं, एपिसोड अर्धाच राहतो, म्हणून लिहूनही टाका, असं तुमच्यातले बरेच जण म्हणता. तर हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजची गोष्ट आमच्या घराच्या माळ्यावर सुरू होते. मी कोनचा. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलात की खाडीच्या पलीकडच्या काठावर आमचं गाव. आता इथे गोदामांचे पत्रे दिसतात, डोक्यावर मेट्रोचं काम दिसतं. पण मी लहान असताना कोन म्हटलं की मला आवाज आठवायचा. खटक खटक खटक. यंत्रमागांचा.

आमच्या बाबांचे आठ माग होते. मागच्या महिन्यात गाळा रिकामा केला. भंगारवाला आला, माग वजनावर गेले. अर्ध्या दिवसात सगळं आटोपलं. नंतर माळा साफ करताना एक पत्र्याची पेटी सापडली. उघडली तर आत बाबांनी वीस-पंचवीस वर्षांत मागांसाठी घेतलेल्या आणि काढून ठेवलेल्या वस्तू. कापड मोजायचं एक मीटर, त्याचे आकडे मध्येच अडकलेले. लोखंडी भागांऐवजी बसवायचे नायलॉनचे सुटे भाग, अजून पिशवीत. आणि रेडिओएवढी एक डबी, तिच्यातून वायरी निघालेल्या. सोबत एका पुडक्यात पातळ पोलादी पट्ट्या, हजारोंनी.

बाबांना विचारलं, हे काय? ते हसले. म्हणाले, "ती माझी हुशारी आहे. ठेव परत."

ती डबी एका प्रदर्शनातून आलेली. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबणार, कापडात दोष राहणार नाही, उत्पादन वाढणार, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. बाबांची दोन महिन्यांची कमाई तिच्यात गेली. एका मागावर बसवली. आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले होते, "सेठ, बिगड़ा तो बनाएगा कौन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. शोधायला गेलो तर लक्षात आलं की हाच प्रश्न शंभर वर्षं मँचेस्टरपासून साबरमतीपर्यंत फिरतोय. चला, त्याच्या मागे जाऊ.

आधी माग कसा चालतो ते दोन मिनिटांत. उभे धागे म्हणजे ताणा. साध्या कापडालाही तीन-चार हजार धागे असतात. आडवा धागा म्हणजे बाणा, तो घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात कांडी असते, तिच्यावर बाण्याचं सूत. ही कांडी दर काही मिनिटांनी संपते. मग माग थांबवायचा, कांडी बदलायची, परत चालू. आणि ताण्याचा एखादा धागा तुटला, तर साध्या मागाला ते कळतच नाही. तो विणत राहतो आणि कापडात रेघ पडते. ते बघायला माणूस लागतो. म्हणजे त्या माणसाचे डोळे हाच मागाचा एक सुटा भाग.

हे दोन त्रास घालवण्यासाठी जगभर डोकी लढली. जेम्स नॉर्थ्रॉप नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला कारागीर अमेरिकेत गेला आणि तिथल्या ड्रेपर कंपनीसाठी त्याने संपलेली कांडी आपोआप बदलणारा माग तयार केला. 1890 च्या दशकात तो बाजारात आला. अमेरिकेत भराभर खपला. पण ज्या लँकेशायरमध्ये जगाचं कापड विणलं जायचं, तिथल्या गिरणीवाल्यांनी नाक मुरडलं. साध्या मागापेक्षा कितीतरी महाग, नाजूक, आणि आमचा विणकर चार माग हाताने सांभाळतोच की!

ते मूर्ख होते का? इतिहासकार यावर अजून भांडतात. काही म्हणतात, तिथे कुशल कामगार मुबलक होते, त्यामुळे हिशेब बरोबर होता. काही म्हणतात, तिथेच त्यांनी भविष्य घालवलं. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, कारण आमच्या घरात हाच वाद झालेला आहे.

आता 1929 सालात येऊ. या एका वर्षात दोन 'एक लाख' आहेत.

पहिला एक लाख पौंडांचा. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये असा माग पूर्ण केला होता की जो वेग कमी न करता धोटा बदलायचा, आणि धागा तुटला की स्वतः थांबायचा. 1929 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. म्हणजे ज्यांनी जगाला माग विकले, त्यांनीच जपानकडून माग विकत घेतला. पण तेव्हा लँकेशायर मंदीत होतं, तिथे तो फारसा खपला नाही. टोयोडांच्या मुलाने पुढे मोटारी करायला घेतल्या. ती कंपनी म्हणजे तुमच्या गल्लीतून जाणारी टोयोटा.

दुसरा एक लाख रुपयांचा. त्याच वर्षी, जुलैमध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं. मागे अर्थात गांधीजी. त्याच्या अटी वाचल्या आणि मी उडालो. चरखा हलका हवा, साध्या झोपडीत चालवता यावा. बाईला आठ तास फार न दमता चालवता यावा. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावा. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको.

बघा, आमच्या जॉबरचा प्रश्न इथे अटीत लिहिलेला आहे. शिवाय वापरणारी बाई किती दमेल, तेही लिहिलंय. आज आपण फोन घेताना मेगापिक्सेल बघतो. स्क्रीन फुटली तर किती, हे फुटल्यावर बघतो.

या स्पर्धेत आपल्या महाराष्ट्रातून किर्लोस्करवाडीचा चरखा उतरला होता. काळे यांनी तो तयार केला होता, मागे किर्लोस्करांचा कारखाना होता. सूत निघायचं, पण यंत्र सगळ्या अटींना उतरलं नाही. लाखाचं बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. यंत्र वेगवान करता येतं, स्वस्त करता येतं, गावात दुरुस्त होईल असंही करता येतं. तिन्ही एकदम करणं अवघड.

आणि मग भिवंडीत काय झालं? इथे 1857 नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येऊन वसली होती, हातमाग चालायचे. तिकडे इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. भिवंडीतही पुढच्या काही दशकांत वीज आली तसे माग आले, त्यातले किती तरी मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी नीट मिटलाच नाही, आणि मुंबईचं विणकाम भिवंडीसारख्या गावांकडे आणखी सरकलं. म्हणजे ज्या साध्या मागाला जगाने जुनाट ठरवलं होतं, त्याच्यावर एक अख्खं शहर उभं राहिलं.

का चालला तो? कारण तो बिघडला तर बनवणारा गल्लीत होता. दात तुटलेलं चाक घेऊन जॉबर सायकलवर जायचे आणि जेवायच्या आत दुसरं घेऊन यायचे. ओतकाम इथे, सुतारकाम इथे, चामड्याचे पट्टे इथे. मागाची माहिती एखाद्या पुस्तकात नव्हती, ती माणसांच्या हातात होती.

सरकारलाही वाटत होतं की हे माग सुधारावेत. 1 एप्रिल 1999 पासून यंत्रसामग्री सुधारण्यासाठी केंद्राची योजना आली. 1 एप्रिल 2017 ला 'पॉवरटेक्स इंडिया' ही योजना तर भिवंडीतच सुरू झाली. तीत साध्या मागाला जोडायच्या उपकरणांसाठी अनुदान होतं. ताणा तुटल्यावर थांबवणारं, बाणा तुटल्यावर थांबवणारं, चांगला ब्रेक. म्हणजे आमच्या डबीचीच भावंडं.

मग बाबांची डबी पेटीत का गेली? तीन कारणं, तीही बाबांनीच बोटांवर मोजून सांगितली. एक, त्या पोलादी पट्ट्या ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक अशा अडकवाव्या लागतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते, वीज जोडली जाते, माग थांबतो. कल्पना झकास. पण बीम बदललं की हजारो धाग्यांचं ते काम वाढलं, आणि त्याची मजुरी वेगळी. दोन, गाळ्यात कापसाची रुई इतकी उडते की पट्ट्या तिच्यात चिकटून बसायच्या, पडायच्याच नाहीत. तीन, आणि हेच खरं. आम्ही मजुरीवर विणायचो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला मीटरमागे पैसे. कापड बिनदोष निघालं म्हणून मीटरमागे एक पैसा जास्त मिळाला नाही. फायदा व्यापाऱ्याचा आणि खर्च आमचा. वर्षभरात डबी बंद पडली. विकणाऱ्याचा फोन लागेना. जॉबरनी ती उघडून बघितली आणि परत बंद केली.

इथे एपिसोड संपवायचा होता. महागडी वस्तू, भाबडा मालक, शहाणा मिस्त्री. छान गोष्ट. पण एक माणूस राहिला होता.

त्या मागावर जे विणायचे, त्यांना मी चाचा म्हणायचो. आझमगढकडचे. बारा तासांची पाळी, वर्षानुवर्षं. आता ते गावी असतात. बाबांकडून नंबर घेतला आणि फोन लावला. मी नाव सांगितलं. पलीकडून, "हां? कौन?" मी मोठ्याने सांगितलं. परत, "कौन?" शेवटी त्यांच्या नातवाने फोन घेतला. मी बोलायचो, तो चाचांच्या कानाजवळ ओरडायचा, मग चाचांचं उत्तर मला सांगायचा. दहा मिनिटं आम्ही असेच बोललो.

डबी आठवते का, विचारलं. चाचा लगेच बोलले, तेवढं मला थेट ऐकू आलं. "उस मशीन पे आँख को आराम था."

बाबांना ही गोष्ट माहीतच नव्हती. चाचा दर पाळीला तोच माग मागून घ्यायचे, हे त्यांना आठवत होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं. ती डबी आमच्या हिशेबात निकामी होती, कारण हिशेब मीटरमध्ये होता. डोळ्यांना मिळालेला आराम कुठल्याच वहीत लिहिला जात नव्हता.

आणि कान? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याचे माग ओळीने चालू असतात तेव्हा आवाज सहज त्याच्या वर जातो, आणि पाळी आठ नाही, बारा तासांची. मी परत माळ्यावर चढलो आणि पेटी सगळी उपसली. तळाशी एक लोखंडी गज मिळाला. मागासमोर तो लावला तर उडालेला धोटा माणसाच्या तोंडावर येत नाही. तोही काढून ठेवलेला, कांडी बदलताना हाताला अडतो म्हणून. कापडासाठी घेतलेल्या वस्तू मात्र सात निघाल्या. कानात घालायचे बोळे, ते काही रुपयांत मिळतात. त्यांची एकही जोडी नव्हती. ते कोणी प्रदर्शनात विकायला आणले नाहीत आणि आम्हीही कधी शोधले नाहीत.

हे मी बाबांना दोष द्यायला सांगत नाहीये. ते स्वतः त्याच गाळ्यात बसायचे. आमच्या घरात टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो, हे मला आत्ता कळलं.

बिगड़ा तो बनाएगा कौन, हा प्रश्न अस्सलच आहे. माझ्या मते कुठलंही हत्यार, मशीन, ॲप घेण्याआधी तो विचाराच. फक्त त्याच्यासोबत आणखी एक विचारा. हे रोज हातात कोण धरणार, आणि त्याला विचारलं का? 1929 च्या त्या अटींमध्ये दोन्ही प्रश्न होते. आम्ही एकच विचारला.

पेटी परत माळ्यावर गेली नाही, माझ्या टेबलाखाली आहे. तुमच्या घरात, वडिलांच्या वर्कशॉपमध्ये, आजीच्या स्वयंपाकघरात अशी काढून ठेवलेली एखादी वस्तू असेल तर फोटो पाठवा. पण फोटो काढण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाशी बोला. माझ्यासारखं उशिरा नको, समोरच्याला अजून ऐकू येतंय तोवर.

आणि हो, पुढचा एपिसोड ऐकताना हेडफोनचा आवाज दोन घरं खाली घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.