जिद्द आणि शिदोरी : लांबच्या सायकलप्रवासाचा इतिहास



आपल्या तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा मनुष्य काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो घोड्याचे दात पाहतो, चाल पाहतो आणि त्याला दाणावैरण काय लागते हे विचारल्यावाचून पैसे मोजीत नाही. परंतु सायकलवर मोठा पल्ला गाठणाऱ्या माणसाविषयी आपण बोलू लागलो, की दाणावैरणीचा विषयच निघत नाही. तेथे आपण एकच शब्द वापरतो, जिद्द. जिद्दीला मी कमी लेखीत नाही. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ते शोभणारही नाही. पण केवळ जिद्दीवर चाक फिरत नाही, हे ह्या प्रवासांचा इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो.

आपल्याकडचेच उदाहरण प्रथम घेऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांना ही स्फूर्ती मुंबईच्या मैदानावरील एका जाहीर व्याख्यानातून मिळाली, असे सांगतात. १८ मार्च १९२८ रोजी त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रवास पुरा करून परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर! आकडा ऐकून छाती दडपते. परंतु दिवसांनी भागून पाहा. सरासरी दिवसाला ४४ किलोमीटर येतात. एका दिवसाचे ४४ किलोमीटर पुष्कळांना जमतील. अवघड आहे ते दुसऱ्या दिवशी, आणि मग शेकडो दिवस, पुन्हा ताज्या अंगाने उठणे. त्यासाठी रोज पोटात अन्न जावे लागते.

हे शास्त्र शब्दांत मांडणारा पहिला मोठा मनुष्य फ्रान्समध्ये झाला. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३, मृत्यू १९३०. मूळचा रेशमाच्या व्यापारातला, पुढे सँत-एतिएन ह्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या गावी सायकलींच्या धंद्यात पडला, आणि १८८७ साली त्याने सायकलस्वारांसाठी मासिक काढले. 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावाने तो लिही. त्याने घालून दिलेले नियम साधे आहेत. भूक लागण्याआधी थोडे थोडे खा, तहान लागण्याआधी प्या, खाण्याचीही इच्छा उरणार नाही इतके थकू नका, आणि दुसऱ्याला दाखविण्यासाठी पायडल मारू नका. हा गृहस्थ स्वतः शाकाहारी होता.

ह्याच व्हेलोसिओने गिअरचाही कैवार घेतला. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दात आणि मागच्याला २२ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन वेळा फिरते. मागचे दात कमी केले की वेग वाढतो, पण पायावर जोर येतो. वाढविले की चढ सोपा होतो. गिअर म्हणजे हे दात रस्त्याप्रमाणे बदलण्याची सोय. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर चाचणी घेतली. एका वेगाच्या सायकलवर नामांकित शर्यतपटू होता, तीन वेगांच्या सायकलवर मार्त हेस नावाची स्त्री. ती कोठेही पाय न टेकता वर गेली आणि जिंकली. तरीही पुढे टूर द फ्रान्स ही शर्यत चालविणाऱ्या हेन्री देग्रांजचे म्हणणे, गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक! त्या शर्यतीत अशा गिअरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. श्रम हलके करणाऱ्या साधनाला कमकुवतपणाचे लक्षण ठरविण्याची खोड अशी जुनी आहे.

अन्नाचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. १९२४ साली बॉस्टनच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. जे पार गळून गेले होते, त्यांच्या रक्तातील साखर फार उतरली होती. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींना वाटेत गोड खावयास दिले, आणि ती अवस्था टळली. पुढे १९६७ साली स्वीडनमध्ये शास्त्रज्ञांनी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर माणसे बसवून पाहिले. चरबी व प्रथिनेच खाल्लेल्यांपेक्षा पिष्टमय अन्न भरपूर खाल्लेली माणसे जवळजवळ तिप्पट वेळ टिकली. कारण असे, की यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा असतो तो अवघा दोनेक हजार कॅलरींचा. जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत तो तळाला जातो. मग मनाने कितीही हाका मारल्या तरी पाय ऐकत नाहीत.

२०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू महेंद्र व हितेंद्र महाजन ह्यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी ती एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. ह्या शर्यतीत स्वारामागे मोटारीतून सहकारी चालतात. खाणेपिणे वेळेवर हातात देणे हे त्यांचे मोठे काम. टाळ्या स्वाराला मिळतात. पण त्या टाळ्यांत शिदोरी पुरविणाऱ्यांचा वाटा आहे.

आता आपल्यापुरते पाहू. लोह्याहून सायकलने नांदेडला जाऊन यायचे असेल, तर निघताना पोटभर खावे. पुढे दर तासाला दोन केळी किंवा पन्नास-साठ ग्रॅम गूळ पुरे. धपाटे, दशमी, शेंगदाणे थांब्यावर खावे. उन्हात पाण्यात लिंबू व चिमूटभर मीठ असू द्यावे. सीट इतकी उंच असावी, की पायडल खाली असता गुडघा किंचितच वाकेल. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधावे, चाकांत हवा पुरेशी असावी. पंप, जादा ट्यूब व पंक्चरचे सामान बरोबर असावे.

परंतु आपल्या भागात सायकल मारणारे सगळेच हौशी नसतात. नुसत्या चहावर पहाटे निघून दहा-बारा किलोमीटर सायकल रेटीत कामावर पोचणारी माणसे मी आयुष्यभर पाहत आलो. एका कारखान्यात अशांचे हात अकराच्या सुमारास मंदावत, म्हणून त्यांना कामचुकार म्हणण्यात आले. आम्ही मागितली ती भाकरी खाण्यापुरती दहा मिनिटे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. पण रिकाम्या पोटी सायकल मारून आलेल्याचा साठा पाच तास कोठून पुरणार? त्याच्यात जिद्द कमी नव्हती. उलट भरल्या पोटी काम करणाऱ्यापेक्षा ती अधिकच होती.

म्हणून एवढेच मागणे आहे. आपल्या घरातून, दुकानातून, शेतातून कोणी सायकलवर दूर निघाला, तर त्याला 'हिंमत धर' म्हणण्याआधी 'बाबा, खाल्लेस का?' असे विचारा. आणि नसेल खाल्ले तर थांबवून घ्या.