चतकोर, पावकी आणि अपूर्णांक

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे? परंतु गेली चार वर्षे संध्याकाळी मंडळाच्या खोलीत आळीतली मुले माझ्याकडे गणिताला बसतात. त्यांना शिकवता शिकवता माझे राहून गेलेले शिक्षण मीही थोडेथोडे पुरे करीत आहे. त्यात जे हाती लागले तेच येथे मांडते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाचवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले : अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे अंश एकत्र केले, खालचे छेद एकत्र केले, झाले उत्तर! वही पाहून माझ्या छातीत धस्स झाले. सातवीत फळ्यावर मी हेच उत्तर लिहिले होते. शिक्षकांनी तासभर उभे केले, वर्ग हसला, पण उत्तर का चुकले ते कोणी सांगितले नाही. त्याच वर्षी शाळा सुटली आणि अपूर्णांकांची भीती मात्र माझ्याबरोबर सासरी आली. म्हणून या मुलीला "चूक आहे" एवढेच सांगून मला पुढे जाववेना.

त्या रात्री सासूबाईंना विचारले. त्यांचे वय ऐंशी, शाळा चौथीपर्यंतच. त्या म्हणाल्या, "अगं, आम्हांला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळे तोंडपाठ करावे लागे. एक जरी चुकली तरी पंतोजींची छडी!" औट म्हणजे साडेतीन. दोन औट सात, चार औट चौदा, असा तो पाढा. पूर्वीच्या गावठी शाळांत धुळाक्षरांबरोबर हेच मुख्य शिक्षण होते, कारण दुकानदार असो की कुळकर्णी, त्याचे पोट हिशेबावर चाले.

हे शब्द किती जुने आहेत पाहा. पाव हा संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. चार पायांतला एक, तो पाव. पाऊण म्हणजे पादोन, पूर्णाला एक पाद उणा. सव्वा म्हणजे सपाद, एक पाद अधिक. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. अपूर्णांक काही आपल्याला पुस्तकातून प्रथम भेटले नाहीत. भाकरीचा चौथा भाग चतकोर, चतकोराचा अर्धा नितकोर. धान्य मापताना दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आपले मुहूर्तही साडेतीन आणि देवीची पीठेही साडेतीन!

मग सासूबाई अपूर्णांकांत तरबेज असतील असे मला वाटले. पण तृतीयांश विचारताच त्या थबकल्या. कारण हळूहळू माझ्या ध्यानात आले. ही सारी मापे निम्म्याने निम्मे करीत जाणारी. त्यात अर्धा, पाव, आदपाव चटकन सापडतो, तिसरा हिस्सा सापडत नाही. जुन्या रुपयात मात्र त्याची सोय होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिघा भावांत रुपया वाटला तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, काही उरत नाही. आजचे शंभर पैसे तिघांत वाटा : तेहेतीस तेहेतीस देऊन एक पैसा हातात राहतो.

हा बदल १ एप्रिल १९५७ रोजी झाला. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 'नवा' हा शब्द १९६४ साली गळून पडला. मण आणि शेर जाऊन किलो येण्यास १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या, वडिलांच्या किराणा दुकानात बसत. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे होत, पण एका आण्याचे सव्वासहा. सव्वाचे नाणे कोठून आणणार? म्हणून आण्याला सहाच पैसे धरत. "एकेक आण्याचा जिन्नस चार वेळा नेला की गिऱ्हाईक चोवीस पैसेच देई, आणि वडील पावकीवर बोट ठेवून एक पैसा शोधत बसत," असे त्या हसून सांगतात. दशमान पद्धतीने व्यवहार सोपा झाला यात शंका नाही. पण रोजच्या बाजारात मुलांच्या कानी पडणारे पावकीचे शिक्षण मागे पडले. पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ नंतर चलनात राहिले नाही. तेव्हा आजच्या मुलाला पाव रुपया समजत नाही, यात त्याचा दोष तो काय?

अपूर्णांकांची अडचण मात्र आजची नव्हे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्त देशातले एक जुने हस्तलिखित आहे. ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आहमेस नावाच्या लेखनिकाने उतरून काढले. त्यात दहा माणसांत सहा रोट्या कशा वाटाव्या असे गणित आहे. उत्तर असे : प्रत्येकाला अर्धी, आणि अर्धीवर एक दशमांश. म्हणजे पाच रोट्या मोडून दहा अर्धे करावे आणि उरलेल्या एकीचे दहा तुकडे. पंगतीला वाढणाऱ्या बाईला हे उत्तर तात्काळ पटावे.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. त्याचा पहिला भाग 'लीलावती'. चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या देवळात त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात असून काही मजकूर जुन्या मराठीत आहे.

लीलावतीत एका कंजुषाचे गणित आहे. याचकाला त्याने काय दिले? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा! ऐकताना दान मोठे वाटते. गुणाकार केला की निघतो द्रम्माचा १२८० वा भाग. त्या काळी वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे महाशयांनी दिली अवघी एक कवडी! हे गणित सांगितले त्या दिवशी मुले इतकी हसली की शेजारच्या खोलीतील भजनाच्या भगिनी डोकावून गेल्या. अंश वर, छेद खाली हीच त्या काळची मांडणी, पण मधली आडवी रेघ नव्हती. ती पुढे अरबी गणितज्ञांनी घातली आणि त्यांच्याकडून युरोपात गेली.

आता त्या मुलीकडे वळते. दुसऱ्या दिवशी मी दोन भाकऱ्या घेऊन गेले. एकीची अर्धी तिच्या हातात दिली आणि म्हटले, "हिच्यात आणखी एक तुकडा घातला तर वाढेल की कमी होईल?" ती म्हणाली, "वाढेल, काकू." मग दुसऱ्या भाकरीचे पाच सारखे भाग केले. "पाचाचे निम्मे किती?" "अडीच." "तुझे उत्तर किती?" "दोन..." आणि तिचा हात तोंडावर गेला. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी! चूक तिची तिनेच पकडली.

मग ताटात बेसनाच्या सहा वड्या मांडल्या. अर्ध्या म्हणजे तीन, तृतीयांश म्हणजे दोन, मिळून पाच. सहांतल्या पाच. समच्छेद करणे म्हणजे दोघांनाही मोजता येईल असे ताट मांडणे, याहून दुसरे काही नाही. हे मला चाळिशी ओलांडल्यावर उमगले, आणि त्या मुलीबरोबरच उमगले. त्या रात्री स्वयंपाकघर आवरताना सातवीतला तो फळा पुन्हा डोळ्यांपुढे आला, पण पूर्वीसारखा टोचला नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जणी "आम्हांला गणित येत नाही" असे मुलांदेखत म्हणतो. परंतु पाव किलोवर तेलाची धार थांबवणारी, दीड वाटी पिठाला पाऊण वाटी पाणी घेणारी बाई रोज अपूर्णांकच करीत असते. हाती पोळपाट असेल तेव्हा मुलाला जवळ बोलवावे, चतकोर मोडून दाखवावी. घरात वडीलधारे असतील तर त्यांच्याकडून पावकी एकदा म्हणवून घ्यावी. ती येणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

मंडळाची खोली सोमवार ते शुक्रवार सहा ते सात उघडी असते. मुलांना पाठवा, आणि सवड असेल तर आपणही या. लेखात काही उणेअधिक झाले असल्यास, जुन्या हिशेबाच्या वहीत शेवटी लिहीत तसे, चूकभूल द्यावी घ्यावी.