स्नॅग लिस्ट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता
इमारतीचा ताबा देण्यापूर्वी राहिलेल्या व सदोष कामांची जी यादी करतात, ती स्नॅग लिस्ट. दाराची कडी बसत नाही, गिलाव्याला तडा आहे, न्हाणीघरातले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते, अशा शेकडो नोंदी मोठ्या इमारतीत सहज होतात. फोटो आणि साइटवर बोलून केलेली नोंद यांवरून कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांची खोलीनिहाय व ठेकेदारनिहाय वाटणी करते, दुबार नोंदी एकत्र आणते आणि कामांचा क्रम सुचवते. हा क्रम फार मोलाचा; ओलीचे मूळ बंद होण्याआधी रंगारी आला, तर भिंत पुन्हा खरवडावी लागते.

दोष शोधण्याचे काम मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवणे योग्य नाही. फरशीखालची पोकळी फोटोत दिसत नाही, ठोकून पाहिल्यावर आवाजातून कळते. थर्मल कॅमेरा ओल दाखवतो, असा आक्षेप घेतला जातो व तो काही अंशी खराही आहे. तरी कॅमेऱ्याला कळतो तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक. पाणी नळजोडातून येते की गच्चीतून, हे जागेवर तपासूनच ठरते. ‘काम पूर्ण’ हा शेराही इंजिनिअरच्या सहीनेच पडावा. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामदोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. घाईने बंद केलेली नोंद तेव्हा रहिवाशाच्याच विरोधात पुढे केली जाऊ शकते, म्हणून दुरुस्तीआधीचा व नंतरचा फोटो आणि तपासणाऱ्याचे नाव यादीत कायम राहिले पाहिजे.